श्रीखंड हळू फिरवायचा मिक्सर: पाडव्यापर्यंतच्या आठ आठवड्यांच्या नोंदी

3 फेब्रुवारी 2025

मिरजेजवळ आमची छोटी डेअरी आहे. दादा-वहिनी धंदा बघतात, मोटर, पंप, वायरिंग माझ्याकडे. पाडवा 30 मार्चला. गेल्या वर्षी पाडव्याला श्रीखंड पातळ झालं म्हणून परत आलेले डबे अजून दादाच्या डोक्यातून गेलेले नाहीत.

सध्याचं यंत्र असं: 1440 आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे) मोटर, तिच्या शाफ्टला थेट 120 मिमीचं तीन पात्यांचं पंखं. चक्का आणि पिठीसाखर टाकायची आणि बटण दाबायचं. चार मिनिटांत एकजीव होतं, दिसायलाही छान गुळगुळीत. पण दुसऱ्या दिवशी डबा उघडला की वर पाणी आणि खाली खिरीसारखं.

मावशी आमच्याकडे बावीस वर्षं हाताने श्रीखंड करतात. त्यांचं निदान एका वाक्यात संपलं: "ताक घुसळतात, अंडं फेटतात, श्रीखंड घोटतात. तुमचं मशीन फेटतंय."

पात्याच्या टोकाचा वेग काढला. 120 मिमी व्यासाच्या वर्तुळाचा घेर गुणिले सेकंदाला 24 फेरे, म्हणजे 9 मीटर प्रतिसेकंद. चक्का म्हणजे दुधातल्या प्रथिनांची जाळी आणि त्या जाळीने धरून ठेवलेलं पाणी. त्यात एवढ्या वेगाने पातं फिरलं की एक थर दुसऱ्यावरून सरकतो, जाळी फाटते आणि पाणी सुटतं. या सरकण्याला शिअर म्हणतात. पुस्तकात कर्तन लिहितात, पण वर्कशॉपमध्ये कर्तन म्हटलं तर लोक न्हाव्याचा पत्ता सांगतील, म्हणून इथे शिअरच लिहितो.

मोजायला काहीतरी हवं होतं. व्हिस्कोमीटर (दाटपणा मोजायचं यंत्र) परवडत नाही. काँक्रीटवाले स्लम्प काढतात तसं केलं: 50 मिमी व्यासाचा, 60 मिमी उंच स्टीलचा पाइप काचेवर ठेवायचा, श्रीखंड दाबून भरायचं, पाइप सरळ वर उचलायचा आणि मिनिटाने उंची किती मिमी खाली आली ते मोजायचं. याला आम्ही 'खचाव' म्हणतो. माल दर वेळी 8 ते 10 अंशांवर असायला हवा, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. मावशींच्या हातच्या श्रीखंडाचा खचाव 8, आमच्या मशीनचा 34. पुढच्या नोंदींत हेच माप येईल.

8 फेब्रुवारी

ठरलं ते असं. भंगारातून नव्हे पण जुन्यातून 100 लिटरची स्टेनलेस स्टीलची (एसएस 304) टाकी, आतला व्यास 500 मिमी, 16,500 रुपये. त्यात नांगराच्या आकाराचं, तळ आणि भिंत धरून फिरणारं पातं. 1 एचपी मोटर (6,800), 40 ला 1 वर्म गिअरबॉक्स (9,200). 1440 भागिले 40, म्हणजे 36 आरपीएम. वेग कमी-जास्त करायला सिंगल फेज सप्लायवर चालणारा व्हीएफडी (विजेची हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारं उपकरण), 8,400. पातं आणि बफिंग मिळून 11,000.

हिशेबाने टोकाचा वेग 0.9 मीटर, जुन्याच्या एक दशांश. मी फार खूश. दादा म्हणाला, "कागदावर सगळंच चालतं."

14 फेब्रुवारी

जोडणी झाली. फॅब्रिकेटर मामांना मी बजावून सांगितलं होतं, की पातं भिंतीला जवळजवळ टेकून फिरलं पाहिजे, माल चिकटून राहता कामा नये. त्यांनी सांगितल्याबरहुकूम 4 मिमीची फट ठेवली, चारही बाजूंनी सारखी. काम सुरेख. सांगणं चुकीचं होतं, ते पुढे कळलं.

15 ते 18 फेब्रुवारी

चार दिवस वाया. रिकामं असताना मस्त फिरतं. 30 किलो चक्का टाकला की मोटर घुमते, पातं थरथरतं आणि व्हीएफडी ओव्हरलोड दाखवून बंद. आधी वाटलं चक्का फार गार आहे (5 अंशांवरचा होता). 12 अंशांवर आणून पाहिला, तेच. मग वाटलं मोटर लहान पडली. 2 एचपीचा भाव विचारून आलो.

18 ला संध्याकाळी मोटरचं टर्मिनल बॉक्स उघडलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पट्ट्या स्टारमध्ये होत्या. (स्टार आणि डेल्टा हे मोटरच्या तीन वाइंडिंग एकमेकींना जोडायचे दोन प्रकार.) ही मोटर स्टारमध्ये 415 व्होल्टची. सिंगल फेजवरचा व्हीएफडी बाहेर थ्री फेज देतो, पण 230 व्होल्टच. 230 वर चालवायची तर डेल्टा करावी लागते, नाहीतर जोर एक तृतीयांश उरतो. नेमप्लेटवर दोन्ही व्होल्टेज छापलेले होते. मीच जोडणी केली होती, त्यामुळे शिव्या घालायलाही कोणी नाही.

तीन पट्ट्या बदलल्या, दहा मिनिटांचं काम. तोच चक्का, तीच मोटर, निवांत फिरली. 0.75 किलोवॅट 36 आरपीएमवर म्हणजे कागदावर 199 न्यूटन मीटर फिरवण्याचा जोर. वर्म गिअरबॉक्स त्यातला बराच खातो, तरी आमच्या कामाला पुरतो. तुम्ही करणार असाल तर मोटर मोठी घेण्याआधी ते झाकण उघडा.

20 फेब्रुवारी

पहिली खरी बॅच. 30 किलो चक्का, 24 किलो पिठीसाखर. हळू मिक्सर आहे तर वेळ लागणारच, म्हणून 40 मिनिटं चालवलं.

टाकी उघडली तर एकाच बॅचमध्ये दोन उलट दोष. भिंतीजवळचा माल पातळ, खचाव 29. मधे शाफ्टभोवती कोरडी साखर, जशी टाकली तशी. आणि सगळीकडे साखरेच्या मुगाएवढ्या गुठळ्या.

वहिनींनी त्यात ताक आणि जायफळ घालून पीयूष केलं आणि दोन दिवसांत विकून टाकलं. नुकसान निम्म्यावर आलं. दादा दिवसभर बोलला नाही.

21 फेब्रुवारी

रात्री वही घेऊन बसलो.

एक. शिअर ठरतं ते नुसत्या वेगाने नाही, तो वेग किती फटीत जिरतो त्यावर. भिंत स्थिर, पातं 0.93 मीटर वेगाने, मधे 4 मिमी: भागाकार सेकंदाला 230 च्या वर जातो. तीच फट 20 मिमी असती तर 43. म्हणजे मी आरपीएम कमी केले आणि फट आवळून कमावलेलं बरंच घालवलं.

दोन. 40 मिनिटं गुणिले 36, म्हणजे 1440 फेरे. प्रत्येक फेऱ्यात भिंतीजवळचा तोच माल त्या फटीतून रगडला गेला. हळू म्हणून जास्त वेळ, या हिशेबाने जाळी शेवटी फाटलीच.

तीन. जुनं पंखं साखरेच्या गुठळ्या फोडायचं. हळू पातं फोडत नाही, नुसतं फिरवतं. ते काम मिक्सरच्या आधीच उरकायला हवं.

मावशींना विचारलं, तुम्ही गुठळ्यांचं काय करता? "पुरणयंत्रातून काढते की. एकदाच. दुसऱ्यांदा काढलं तर सैल पडतं." हे वाक्य बावीस वर्षं या घरात होतं. पुरणयंत्राच्या भोकांत शिअर चांगलाच असतो, पण माल तिथून क्षणात एकदाच जातो. मिक्सरमध्ये तोच माल पुन्हा पुन्हा येतो.

दादाचा उपाय होता, पातळ झालं तर साखर वाढवू. साखरेने उलट अजून सैल होतं, ती चक्क्यातलं पाणी ओढून विरघळते. शिवाय एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाच्या) मानकात श्रीखंडातल्या घन पदार्थांपैकी साखर 72.5 टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि आमच्या प्रमाणात आपण आधीच त्या रेषेच्या जवळ आहोत.

25 फेब्रुवारी

पातं कापून व्यास 460 केला, फट 20 मिमी. (कापणं, पुन्हा वेल्डिंग, बफिंग: 3,200.) वेल्डच्या कडेला सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रं राहिली होती, ती नखाला लागली म्हणून सापडली. तिथे चक्का अडकून आंबला असता. पुन्हा भरून घासून घेतली.

भिंतीवर माल चिकटू नये म्हणून पात्याच्या कडेला टेफ्लॉनच्या पट्ट्या, तिरप्या, थोड्या लवचीक. 2,900. पट्टी भिंतीवरचा थर अलगद सोलून आत ढकलते. उद्या शिवरात्र, वर्कशॉप बंद.

2 मार्च

मधला कोरडा भाग. चक्क्यावर प्रयोग परवडत नाहीत, म्हणून मैद्याची खळ केली, 40 लिटर, चांगली घट्ट. खळ चक्क्यासारखी फाटत नाही, त्यामुळे खचावासाठी निरुपयोगी, पण कुठे फिरतं आणि कुठे नाही हे बघायला छान. मधे वाटीभर बीटाचा रस ओतला.

पातं सुरू केलं आणि बघतो तर सगळी खळ गोळ्यासारखी पात्याबरोबर फिरतेय. वरून वाटतं जोरात ढवळलं जातंय, प्रत्यक्षात कोणीच जागा बदलत नाही. जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या माणसांसारखं, सगळे फिरतात पण शेजारी तोच. बीटाचा लाल डाग पंधरा मिनिटांनी जवळजवळ तेवढाच.

4 मार्च

शाफ्टला मधे दोन आडवी पाती, 45 अंशांत तिरपी, माल खालून वर ढकलणारी. आणि झाकणापासून खाली लोंबणारा एक स्थिर दांडा, मधली पाती आणि बाहेरचं पातं यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. हा फिरत नाही, आडवा येतो. गोळा त्यावर आपटून दुभंगतो. 2,400 रुपये दोन्ही मिळून, आणि सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त फरक या दांड्याने पडला. दांडा गोल घेतला. मामा पट्टी लावत होते, पण धार असलेली कड नको म्हटलं.

नवी खळ, नवा बीट. 36 आरपीएमवर साधारण साडेपाच मिनिटांत रेघा गेल्या. व्हीएफडीवर 18 केले तर अकरा मिनिटं. दोन्हीकडे फेरे 200 च्या आसपास. घट्ट पदार्थात मिसळणं मिनिटांवर नाही, फेऱ्यांवर चालतं. आता टाकीवर घड्याळाऐवजी मोजणी लिहिलीय. मावशी तोंडाने मोजतात, मी काउंटर लावलाय, दोघांचा आकडा दोन-चारच्या फरकाने जुळतो.

7 मार्च

हळू तर अजून हळू, म्हणून 15 हर्ट्झवर चक्का चालवला, 11 आरपीएमच्या जरा खाली. अर्ध्या तासात मोटरवर हात ठेववेना. मोटरला गार करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. मोटर मंदावली की पंखाही मंदावतो, पण घट्ट मालामुळे करंट तेवढाच. जळायच्या आत बंद केली.

व्हीएफडीने फार खाली न येता गिअरनेच खाली यायचं. दुकानदाराने 40 चा गिअरबॉक्स परत घेऊन 60 चा दिला, वरून 2,500 घेतले. आता 50 हर्ट्झला 24 आरपीएम. 30 हर्ट्झच्या खाली जायचं नाही, असं व्हीएफडीतच बांधून टाकलं. 24 वर टोकाचा वेग 0.58 मीटर.

11 मार्च

दुसरी खरी बॅच. चक्का, मावशी पुरणयंत्रातून काढतात तसा, जाळीतून एकदा काढला. टांगलेल्या चक्क्याचा कापडालगतचा भाग वाळून रवाळ होतो, ते कण इथेच मोडले. पिठीसाखर चाळून घेतली. टाकी सुरू ठेवून चक्का चार भागांत आत, मग साखर तीन भागांत, शेवटच्या साखरेनंतर 200 फेरे.

टाकीतून खचाव काढला: 12. मावशींनी बोटावर घेतलं आणि "बरंय" म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून वरचं प्रमाणपत्र मिळत नाही.

मग डबे भरले. सहज एका भरलेल्या डब्यातून खचाव काढला: 26.

12 मार्च

रात्रभर झोप नाही. टाकीत 12, डब्यात 26, आणि मधे फक्त नऊ फूट पाइप. दादा म्हणाला तुझा पाइपाचा तुकडा खोटा आहे. तीनदा मोजलं.

13 मार्च

सापडलं. टाकीतून भरण्याच्या हॉपरपर्यंत माल नेणारा पंप जुना दुधाचा सेंट्रिफ्युगल, म्हणजे आतलं चक्र गरगर फिरवून माल फेकणारा, 2880 आरपीएम. त्याकडे माझं लक्षच नव्हतं, कारण तो 'मिक्सर' नाही. शिवाय माल घट्ट असल्यामुळे तो पुढे सरकत नव्हता, म्हणून भरणारा पोरगा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून 'दाब बनवत' होता. तोच माल पंपाच्या पोटात गरगरत बसायचा. खात्री करायला टाकीतून बादलीने काढून थेट हॉपरमध्ये टाकला: 13.

महिनाभर मी मिक्सर हळू करत बसलो आणि दारातच फेटायचं यंत्र उभं होतं. गेल्या वर्षीच्या पाडव्याच्या डब्यांत यातलं किती पंपाचं आणि किती पंख्याचं, हे आता कळायला मार्ग नाही.

उद्या धुळवड, सुट्टी.

16 मार्च

लोब पंपाचं (हळू फिरून घट्ट माल ढकलणारा पंप) कोटेशन ऐकलं आणि नमस्कार करून आलो. तूर्त स्टीलची बादली, रुंद पळी आणि हाताने दाबायचा पिस्टन फिलर, जो आमच्याकडे तुपासाठी होता. पिस्टन माल ढकलतो, घुसळत नाही. त्याचं तोंड मात्र 12 मिमीचं होतं, ते 25 चं करून घेतलं. डब्यात खचाव 14. रात्रभर 5 अंशांवर ठेवून सकाळी, तापमान जुळवून, पुन्हा मोजला: 11. न हलवता ठेवलं तर थोडी घट्टी परत येते, सगळी नाही. म्हणून भरलेले डबे लगेच क्रेटमध्ये आदळायचे नाहीत, असं पोरांना सांगितलंय. ऐकतात की नाही ते बघू.

20 मार्च

आम्रखंड. हापूसचा 3.1 किलोच्या डब्यातला पल्प. साधं श्रीखंड जमलं म्हणून हे सोपं वाटलं.

तीन डबे पल्प वरून एकदम ओतला. पल्प पातळ, चक्का घट्ट, त्यामुळे पल्प पात्याभोवती आणि भिंतीला तेलासारखा पसरला आणि पातं त्यावरून घसरत राहिलं. 200 फेऱ्यांनंतर पिवळे-पांढरे पट्टे. अजून 300 दिले. पट्टे गेले, खचाव 22.

दुसऱ्या बॅचला उलट केलं. वेगळ्या पातेल्यात पल्पात थोडा चक्का हाताने कालवला, मग तेवढाच अजून, मग पुन्हा, म्हणजे पल्प दाट होत गेला. तो दाट पल्प टाकीतल्या चक्क्यात तीन वेळा घातला. 220 फेरे, खचाव 15, रंग एकसारखा. वहिनी म्हणाल्या, "कढीला बेसन लावताना आपण हेच करतो." करतो खरं. स्वयंपाकघरातलं एवढं सगळं मला वर्कशॉपमध्ये जाऊन पुन्हा शिकावं लागतंय.

24 मार्च

झाकण उघडलं तर श्रीखंडावर एक तपकिरी थेंब. गिअरबॉक्सचं ऑइल सील गळतंय, आणि गिअरबॉक्स बरोबर टाकीच्या डोक्यावर. एक थेंब असला तरी 54 किलो सरळ फेकले. याचं पीयूष होत नाही.

नवं सील, आणि शाफ्टवर सीलच्या खाली कडा असलेली स्टीलची वाटी वेल्ड करून घेतली, गळलं तर वाटीत साचेल आणि दिसेल (600 मध्ये दोन्ही झालं). गिअरबॉक्समधलं तेलही फूड ग्रेड भरलं. हे पहिल्याच दिवशी करायचं होतं. ज्यांच्या टाकीवर गिअरबॉक्स आहे त्यांनी ही नोंद वाचून आधी वर बघा.

29 मार्च

काल आणि आज मिळून आठ बॅच, 432 किलो. एका बॅचला भरणं, फिरवणं, काढणं धरून पंचेचाळीस मिनिटं. जुन्या पंख्यावर वीस मिनिटं लागायची, त्यामुळे दादा सारखा घड्याळाकडे बघत होता. यातला फिरवण्याचा वेळ थोडाच, बाकी सगळा जाळी आणि बादलीचा. आठही बॅचचा डब्यातला खचाव 12 ते 16 मध्ये. पाचव्या बॅचला 16 आला, कारण चक्का बाहेर राहून 19 अंशांवर गेला होता.

टेफ्लॉनची एक पट्टी सहाव्या बॅचनंतर सैल झाली. स्क्रू होता, तो काढून आरपार बोल्ट आणि बंद नट लावला. माल चाळून पाहिला, काही पडलेलं नव्हतं.

2 एप्रिल

पाडवा झाला. पातळ म्हणून एकही डबा परत आला नाही. दोन आले, ते झाकण फुटलं म्हणून.

हिशेब: यंत्रावर 63,500. त्यात पातं कापायचे 3,200 आणि गिअरबॉक्स बदलायचे 2,500 हे निव्वळ माझ्या चुकांचे. फेकलेले 54 किलो आणि पीयूषात गेलेली बॅच यात धरलेली नाही, ती दादाने वेगळ्या वहीत लिहिलीय आणि ती वही मला दाखवत नाही.

राहिलेलं: स्थिर दांड्याच्या वरच्या टोकाला हात पोचत नाही, तिथे धुताना माल राहतो, म्हणून तो काढता येईल असा पिनवर बसवायचाय. अक्षय तृतीया 30 एप्रिलला, तेव्हा आम्रखंड जास्त जाणार, तोपर्यंत पल्प कालवायला लहान पातेल्याचं काहीतरी बघायला हवं. सध्या ते काम मावशींच्या हातावर आहे आणि त्यांचा खांदा दुखतोय. जुना सेंट्रिफ्युगल पंप काढून ताकाच्या लाइनीवर लावला. तिथे तो उत्तम चालतो.